तेरा विजय, नऊ बरोबरी आणि गायब झालेले आठ गुण

माझा भाचा आठवीत आहे. गणिताचं पुस्तक उघडायला त्याला मुहूर्त लागतो, पण कुठल्याही फुटबॉल लीगचा गुणतक्ता विचारा, तोंडपाठ. परवा जेवताना त्याने मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०२३-२४ च्या हंगामाचा शेवटचा तक्ता.

"मामा, एव्हर्टन बघ. तेरा जिंकले, नऊ बरोबरीत, सोळा हरले. जिंकल्याचे तीन, बरोबरीचा एक. तेरा त्रिक एकोणचाळीस आणि नऊ, अठ्ठेचाळीस. मग इथे चाळीस कसे?"

मी काही बोलायच्या आत त्याने बोट दोन ओळी खाली नेलं. नॉटिंगहॅम फॉरेस्ट. नऊ विजय, नऊ बरोबरी. सत्तावीस आणि नऊ, छत्तीस व्हायला हवेत. तक्त्यात बत्तीस.

तक्ता बरोबर आहे आणि भाच्याचा हिशेबही बरोबर आहे. मधले बारा गुण लीगने कापले, क्लबांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासून. त्या वर्षी इंग्लंडमधल्या फुटबॉलवेड्यांना सामने बघता बघता ताळेबंद वाचायला शिकावं लागलं. ज्या नियमाने हे घडलं तो २०२६-२७ च्या हंगामापासून बदलायचं क्लबांनी ठरवलंय, म्हणून हा विषय पुन्हा निघालाय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा नियम पैशांचा आहे असं सगळे समजतात; मला तो तारखांचा वाटतो. मार्च एंडला रात्री अकरापर्यंत ऑफिसात बसलेल्या कुणालाही तो चटकन कळेल.

## नियम आहे तरी काय?

प्रीमियर लीगमध्ये वीस क्लब, प्रत्येकाचे ३८ सामने. तळाचे तीन क्लब खालच्या लीगमध्ये, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये घसरतात आणि तिथले तीन वर येतात. या घसरणीला रेलिगेशन म्हणतात. वरच्या लीगमध्ये टीव्हीच्या हक्कांतून येणारा पैसा इतका प्रचंड आहे की घसरलेल्या क्लबाचं उत्पन्न एका उन्हाळ्यात पार कोसळतं. म्हणून तळातले क्लब वर टिकून राहायला वाटेल तेवढा खर्च करतात. ऐपतीबाहेर जाऊन मुलीचं लग्न लावणारे असतात ना, तसं. फक्त हे लग्न दर वर्षी असतं.

याला लगाम म्हणून लीगने २०१३ मध्ये एक नियम आणला. पीएसआर हे त्याचं लघुरूप, म्हणजे प्रॉफिटॅबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रूल्स, नफा आणि टिकाऊपणाचे नियम. अर्थ एवढाच, की सलग तीन वर्षांचा मिळून तोटा १० कोटी ५० लाख पौंडांच्या वर जाता कामा नये. रुपयांत हजार कोटींहून जास्त. एवढा तोटाही सहज माफ होत नाही. पहिल्या दीड कोटी पौंडांच्या पुढचा तोटा मालकाने स्वतःचं भांडवल घालून भरायचा, क्लबाला उसने देऊन चालत नाही. स्टेडियमचं बांधकाम, मुलांची अकॅडमी, महिला संघ, वस्तीतलं समाजकार्य हे खर्च तोट्यात धरत नाहीत. उरतात ते मुख्यतः खेळाडूंच्या किमती आणि त्यांचे पगार.

आणि गंमत म्हणजे, त्यानंतरच्या दहा वर्षांत खेळाडूंच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, साडेदहा कोटींचा आकडा मात्र जिथल्या तिथे.

## एवढा बाऊ कशाला?

कारण क्लब खरोखर बुडतात. पोर्ट्समथने २००८ मध्ये एफए कप, म्हणजे इंग्लंडची मानाची बाद फेरीची स्पर्धा, जिंकली. दोन वर्षांत, फेब्रुवारी २०१० मध्ये, दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेला तो प्रीमियर लीगमधला पहिला क्लब ठरला. नऊ गुण कापले गेले, क्लब खाली गेला आणि २०१३ पर्यंत थेट चौथ्या श्रेणीत पोचला. मँचेस्टरजवळच्या बेरी गावचा क्लब १८८५ चा. पैशांच्या घोळापायी ऑगस्ट २०१९ मध्ये त्याला लीगमधूनच काढून टाकलं. हंगाम सुरू झालेला आणि गावात शनिवारी दुपारी जायला मैदानच नाही, अशी अवस्था. आपल्याकडे सहकारी बँक बुडते तेव्हा संचालक घरी जातात आणि ठेवीदार रांगेत उभे राहतात. इथेही तेच. मालक बदलतात, गाव तिथेच राहतं.

## खेळाडूची किंमत वहीत कशी लिहितात?

इथून पुढे थोडं लक्ष द्या, कारण सगळी मेख इथेच आहे.

समजा तुमचं किराणा दुकान आहे आणि पाच लाखांचा टेम्पो घेतला. पैसे गेले आज, पण हिशेब लिहिणारा पाचही लाख याच वर्षीच्या खर्चात टाकत नाही. टेम्पो पाच वर्षं चालेल असं धरून दर वर्षी एक लाख खर्च लिहितो. खेळाडूचंही तसंच. १० कोटी पौंडांना घेतलेल्या खेळाडूशी पाच वर्षांचा करार केला, तर दर वर्षी दोन कोटी खर्च पडतो. या वाटणीला अमॉर्टायझेशन म्हणतात. आपण साधं 'वाटणी' म्हणू.

आता तोच खेळाडू तीन वर्षांनी ६ कोटींना विकला. तुम्हीआम्ही म्हणू, दहाला घेतला, सहाला विकला, चार कोटींचा फटका बसला. वही म्हणते, दोन कोटी नफा झाला! कारण तीन वर्षांत सहा कोटी खर्ची पडलेत, वहीत त्याची किंमत चारच कोटी उरलीय. वर हा नफा पाच वर्षांत वाटायचा नसतो. तो अख्खा विक्रीच्या वर्षात जमा होतो. खर्च हप्त्याहप्त्याने, नफा एकरकमी.

हे एकदा कळलं की डोकी चालायला लागतात. जानेवारी २०२३ मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबाने एन्झो फर्नांडेझ या खेळाडूला दहा कोटी पौंडांहून जास्त देऊन घेतलं आणि त्याच्याशी साडेआठ वर्षांचा करार केला. पाच वर्षांत वाटले असते तर वर्षाला दोन कोटींच्या वर पडले असते. साडेआठ वर्षांत वाटल्यावर सव्वा कोटीवर भागलं. गृहकर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करून घेण्याचाच हा प्रकार. लीगने ही वाट डिसेंबर २०२३ मध्ये बंद केली. करार कितीही लांबवा, वाटणी जास्तीत जास्त पाचच वर्षांत.

## परसातला साग

विकत घेतलेल्या खेळाडूचं झालं. पण जो मुलगा आठव्या-नवव्या वर्षी क्लबाच्या अकॅडमीत आला, तिथेच वाढला, त्याची वहीतली किंमत किती? शून्य. त्याला कुणाकडून विकत घेतलेलंच नाही.

आजोबांनी बांधावर लावलेला साग आठवा. रोप फुकट मिळालेलं, पाणी विहिरीचं. नातवाने तो दोन लाखांना विकला तर दोनच्या दोन लाख नफा. घरच्या खेळाडूची विक्री ही तशीच. बाहेरून आणलेला खेळाडू चार कोटींना विकला तर त्यातून वहीतली उरलेली किंमत वजा होते. अकॅडमीतला मुलगा चार कोटींना गेला की पुरते चार कोटी जमेला.

परिणाम काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. वर्षअखेर जवळ आली, तोटा मर्यादेबाहेर जातोय, तर कुऱ्हाड कुठल्या झाडावर पडणार? क्लबांनी अकॅडम्या चालवाव्यात म्हणून नियमाने त्यांचा खर्च माफ केला, आणि त्याच नियमामुळे अकॅडमीतला मुलगा सगळ्यात आधी विकण्याजोगा झाला. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे सामने ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या गल्लीत वाढलेला पोरगा दुसऱ्या तालमीची जर्सी घालून समोर आला की काय वाटतं, ते कुठल्या वहीत लिहिणार?

## फॉरेस्ट आणि ६३ दिवस

नॉटिंगहॅम फॉरेस्ट म्हणजे १९७९ आणि १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकलेला क्लब. नंतर घसरला तो २३ वर्षं वरच्या लीगबाहेर राहिला. २०२२ मध्ये परत आला तेव्हा संघातले अनेक खेळाडू उसने आणलेले होते आणि ते आपापल्या क्लबांत परत गेले. फॉरेस्टने पहिल्याच हंगामात वीसहून जास्त खेळाडू घेतले. मंडईत पिशवी घेऊन शिरलेल्या आणि घरी टेम्पो करून परतलेल्या माणसासारखं.

तीनपैकी दोन वर्षं खालच्या लीगमधली असल्यामुळे फॉरेस्टची तोट्याची मर्यादा १० कोटी ५० लाख नव्हती, ६ कोटी १० लाख होती. तोटा त्याच्या वर ३ कोटी ४५ लाखांनी गेला.

पण त्यांच्या परसात एक साग होता. ब्रेनन जॉन्सन. नॉटिंगहॅममध्येच जन्मलेला, आठव्या वर्षापासून फॉरेस्टच्या अकॅडमीत वाढलेला; वडील डेव्हिड जॉन्सनही फॉरेस्टकडूनच खेळलेले. त्याला लंडनच्या टॉटनम क्लबाने घेतलं ४ कोटी ७५ लाख पौंडांना. जवळजवळ सगळाच नफा. खड्डा साडेतीन कोटींचा, मिळाले पावणेपाच. मग अडलं कुठे?

तारखेवर. हिशेबाचं वर्ष संपलं ३० जून २०२३ ला. जॉन्सन विकला गेला १ सप्टेंबरला, ट्रान्सफरच्या, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या, मुदतीच्या शेवटच्या दिवशी. मध्ये ६३ दिवस. हा नफा पुढच्या वर्षाच्या वहीत गेला.

फॉरेस्टचं म्हणणं होतं की जूनमध्ये घाईने विकला असता तर कमी पैसे आले असते. थांबल्यामुळे जास्त आले, म्हणजे क्लबाची तब्येत सुधारलीच, आणि नियमाचा हेतू तरी दुसरा काय आहे? शेतकऱ्याला हा युक्तिवाद लगेच पटेल. भाव चढेल म्हणून तूर घरात ठेवली, भाव चढलाही, पण पीककर्जाची मुदत ३१ मार्चला संपली होती. बँक म्हणते, भाव तुमचा, मुदत आमची. सुनावणी करणाऱ्या आयोगानेही तेच म्हटलं. बाकीच्या क्लबांनी वेळेत खेळाडू विकून हिशेब जुळवले, तुम्हाला कळत होतं, तुम्ही थांबलात. शिक्षा सहा गुणांची ठरली, चूक लवकर कबूल केली आणि सहकार्य केलं म्हणून दोन कमी झाले. १८ मार्च २०२४ ला चार गुण गेले. मे महिन्यात अपीलही फेटाळलं गेलं.

मला विचाराल तर आयोग बरोबर होता आणि फॉरेस्टचं दुखणंही खोटं नव्हतं. जॉन्सन साडेतीन कोटींना जूनमध्ये विकला असता तरी एकही गुण गेला नसता. म्हणजे कमी पैसे मिळवणारा क्लब निर्दोष ठरला असता.

जाता जाता: याच जॉन्सनने २१ मे २०२५ ला बिलबाओमध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एकमेव गोल केला आणि टॉटनमला करंडक मिळवून दिला.

## एव्हर्टन: एकाच हंगामात तीनदा बदललेला तक्ता

लिव्हरपूल शहरातला हा दुसरा मोठा क्लब. नऊ वेळा इंग्लंडचा विजेता, १९५४ पासून वरच्या श्रेणीतून एकदाही न घसरलेला. २०१६ नंतर नव्या मालकाने पाण्यासारखा पैसा ओतला आणि त्यातला बराचसा पाण्यातच गेला. २०२१-२२ ला संपलेल्या कालावधीत तोटा निघाला १२ कोटी ४५ लाख. मर्यादेच्या वर १ कोटी ९५ लाख. नव्या स्टेडियमसाठीच्या कर्जाचं व्याज तोट्यातून वगळावं असं क्लब म्हणत होता, ते आयोगाला पटलं नाही.

१७ नोव्हेंबर २०२३ ला दहा गुण कापले. प्रीमियर लीगच्या इतिहासात तोवरची सगळ्यात मोठी कपात. बारा सामन्यांत १४ गुण मिळवून चौदाव्या स्थानावर असलेला संघ एका दुपारी चार गुणांवर आणि एकोणिसाव्या स्थानी आला. मैदानात एक चेंडूही लाथाडला गेला नव्हता.

नऊ दिवसांनी एव्हर्टनच्या घरच्या मैदानावर, गुडिसन पार्कवर, मँचेस्टर युनायटेडशी सामना होता. स्टँडमध्ये हजारो लोकांनी गुलाबी कार्डं उंच धरली. त्यावर प्रीमियर लीगचं चिन्ह आणि 'भ्रष्ट' हा एकच शब्द. एवढा संताप दाटलेला, आणि तिसऱ्याच मिनिटाला युनायटेडच्या गार्नाचोने हवेत उलटं होऊन असा काही गोल मारला की वर्षभर त्याचीच चित्रफीत फिरत राहिली. एव्हर्टन ३-० ने हरला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

२६ फेब्रुवारीला अपिलात दहाचे सहा झाले. क्लब स्टेडियमबाबत खरं बोलला नाही, असा जो ठपका पहिल्या आयोगाने ठेवला होता तो चुकीचा ठरला. मग ८ एप्रिलला आणखी दोन गुण गेले, पुढच्या कालावधीत मर्यादा पुन्हा १ कोटी ६६ लाखांनी ओलांडल्याबद्दल.

इथे भाचा म्हणाला, "एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा?" शंका रास्त आहे. तीन-तीन वर्षांचे कालावधी एकमेकांवर चढतात, त्यामुळे काही तोटा दोन्ही हिशेबांत आला होता. म्हणूनच दुसऱ्या वेळी मूळ पाच गुणांतून दोन गुण त्या कारणाने वजा झाले; कबुलीबद्दल आणि युक्रेन युद्धानंतर रशियन प्रायोजक तुटल्याबद्दल आणखी एक. आणि दोन्ही खटले एकाच हंगामात आले, कारण लीगने मधल्या काळात वेग वाढवला होता. आता ३१ डिसेंबरपर्यंत हिशेब द्यायचे आणि त्याच हंगामात निकाल लावायचा असं ठरलं. जुनी फाइल रेंगाळली, नवी धावत आली, दोघी एकाच दारात भेटल्या. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये.

## पैसे मालकाचे, मग लीगच्या पोटात का दुखतं?

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप हाच, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. अब्जाधीश स्वतःच्या खिशातून उधळायला तयार असेल तर अडवायचं कशाला?

पहिलं उत्तर पोर्ट्समथचं: मालक कंटाळला किंवा त्याचा धंदा बसला की मागे उरतात त्याने केलेले पगाराचे करार. दुसरं असं, की एकाने भाव चढवला की बाकीच्यांनाही चढत्या भावानेच घ्यावं लागतं.

पण खरी खोच वेगळीच आहे. तोट्याला मर्यादा म्हणजे ज्याचं उत्पन्न मोठं त्याला खर्चाची मुभा मोठी. मँचेस्टर सिटीचं २०२३-२४ चं उत्पन्न ७० कोटी पौंडांच्या वर होतं. न्यूकॅसलचे मालक २०२१ पासून सौदी अरेबियाचा सरकारी निधी, जगातल्या सर्वांत श्रीमंत मालकांपैकी एक, तरी त्यांना हात आखडता घ्यावा लागतो, कारण तिजोरी मालकाची आहे आणि गल्ला क्लबाचा. ज्यांनी नियमाआधी खर्च करून मोठं होऊन घेतलं त्यांचं फावलं. डब्यात शिरलेला माणूस दार लावून घेतो आणि "जागा नाही, जागा नाही" म्हणतो. लोकलने जाणाऱ्यांना जास्त सांगायला नको.

## दंड करून सोडायचं, गुण कशाला कापायचे?

अब्जाधीशाला दंड म्हणजे टोल. भरला आणि पुढे गेला. मर्यादा मोडून घेतलेल्या खेळाडूने जे गोल मारले त्याचे गुण ज्या संघाविरुद्ध मिळाले, त्या संघाला दंडाच्या पावतीचा काय उपयोग?

तो दुसरा संघ डोळ्यांसमोर आणायचा तर ल्यूटनकडे बघा. केनिलवर्थ रोड हे त्यांचं मैदान १९०५ पासूनचं, प्रेक्षक जेमतेम अकरा-बारा हजार. पाहुण्या संघाच्या चाहत्यांचं प्रवेशद्वार चक्क एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेत आहे. दोन घरांच्या मधल्या बोळातून आत शिरायचं, लोखंडी जिना चढायचा, आणि चढताना खाली लोकांची परसं दिसतात. मँचेस्टर सिटीचे लाखोंनी कमावणारे खेळाडू याच मैदानात येऊन खेळून गेले.

या ल्यूटनला गुणकपात म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. २००८-०९ च्या हंगामात पैशांच्या गैरव्यवहारांपायी आणि दिवाळखोरीपायी त्यांचे तीस गुण कापले होते. हंगामाची सुरुवातच उणे तीसवरून. अर्थात ते घसरले, पाचव्या श्रेणीत गेले आणि तिथून चढत चढत २०२३ मध्ये वर आले. बेताने खर्च करून. फॉरेस्टचे चार गुण गेले त्या दिवशी ल्यूटन २२ गुणांवर होता आणि फॉरेस्ट २५ वरून २१ वर आला. ल्यूटनवाले जागेवर बसल्या बसल्या धोक्याच्या रेषेच्या वर आले.

टिकले मात्र नाहीत. शेवटी ल्यूटन २६ गुणांवर अठराव्या स्थानी राहिला, फॉरेस्ट ३२ वर सतराव्या. त्यांच्यासोबत बर्नली आणि शेफील्ड युनायटेड खाली गेले. म्हणजे त्या वर्षी वर आलेले तिन्ही क्लब लगेच परत घसरले, आणि पुढच्या वर्षीही नेमकं तसंच घडलं. कापलेल्या बारा गुणांनी कुणाचं रेलिगेशन ठरवलं नाही. एव्हर्टन ४८ गुणांवर बाराव्या स्थानी असता, ४० वर पंधरावा राहिला, आणि प्रत्येक स्थानामागे बक्षिसाचे सुमारे तीस लाख पौंड असतात तेवढे गेले. मैदानात फरक इतकाच पडला की नोव्हेंबर ते एप्रिल कुणालाच कळत नव्हतं आपण नक्की कितव्या स्थानावर आहोत.

## मग मँचेस्टर सिटीचं काय?

हा प्रश्न आल्याशिवाय हा विषय संपत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये लीगने सिटीवर शंभराहून जास्त आरोप ठेवले. ११५ हा आकडा लोकांच्या तोंडी बसलाय. आणि २०२३-२४ मध्ये सिटीच सलग चौथ्यांदा विजेता झाला, इंग्लंडच्या पुरुषांच्या वरच्या श्रेणीत पूर्वी कुणालाही न जमलेली गोष्ट. एव्हर्टनला महिन्यांत शिक्षा आणि यांना तारखा?

दोन्ही प्रकरणांची जात वेगळी आहे. एव्हर्टनने आणि फॉरेस्टने स्वतःच आकडे दिले, त्यात तोटा दिसत होता. वाद होता तो वजाबाकीचा. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरलं, कर कमी भरला, नोटीस आली, अशातला प्रकार. सिटीबाबत लीगचा आरोप असा की विवरणपत्रातले आकडेच खरे नव्हते, तेही बऱ्याच वर्षांचे. क्लब हे सगळं साफ नाकारतो. असा खटला कागदोपत्री पुराव्यांवर चालतो, दोन्हीकडे नामांकित वकील असतात. नुसती सुनावणीच सप्टेंबर २०२४ ते डिसेंबर २०२४ अशी चालली.

लेस्टर या क्लबाचं प्रकरण मात्र ऐकून हसू येतं. त्यांनीही मर्यादा ओलांडल्याचा आरोप लीगने ठेवला होता. पण २०२३ च्या हंगामात ते घसरले आणि जूनमध्ये लीगचे सदस्यच राहिले नाहीत. त्यांचं हिशेबाचं वर्ष संपलं ३० जूनला. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील मंडळाने लीगला सांगितलं की वर्ष संपलं त्या दिवशी हे तुमचे सदस्यच नव्हते, तुम्हाला अधिकार नाही. फॉरेस्ट ३० जून चुकला म्हणून अडकला, लेस्टर ३० जूनमुळे सुटला.

## जूनअखेरचा बाजार

२०२४ चा जून उजाडला तोवर सगळे शहाणे झाले होते. ॲस्टन व्हिला क्लबाने इरोएग्बुनम हा खेळाडू एव्हर्टनला विकला, एव्हर्टनने डॉबिन व्हिलाला. दोघेही तरुण, वहीत किंमत नगण्य, विक्रीचे भाव एक कोटी पौंडांच्या आसपास. दोन शेजाऱ्यांनी ३१ मार्चच्या आत एकमेकांची झाडं विकत घ्यावीत, दोघांच्याही वहीत या वर्षी नफा आणि खर्च पुढच्या पाच वर्षांत, असा हा मामला. व्हिला आणि चेल्सी यांच्यातही असाच दुहेरी सौदा झाला. यात बेकायदा काही सिद्ध झालेलं नाही.

चेल्सी आणखी एक पाऊल पुढे. त्यांनी स्टेडियमशेजारची आपली दोन हॉटेलं आपल्याच भावंड कंपनीला ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकली आणि नंतर महिला संघही मूळ कंपनीला विकला. एका खिशातून दुसऱ्या खिशात. प्रीमियर लीगच्या नियमांत ते बसलं. युरोपच्या संघटनेने मात्र तो नफा धरला नाही आणि २०२५ मध्ये चेल्सीला मोठा दंड केला.

न्यूकॅसलने विकला एलियट अँडरसन. न्यूकॅसलजवळच्या व्हिटली बेचा, लहानपणापासून याच क्लबाच्या अकॅडमीतला. प्रशिक्षकाला तो ठेवायचा होता. साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास त्याला घेतलं कुणी? फॉरेस्टने. उलट्या बाजूने फॉरेस्टचा गोलरक्षक न्यूकॅसलला गेला.

## नवा नियम काय म्हणतो?

नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लबांनी चौदा विरुद्ध सहा मतांनी ठरवलं की २०२६-२७ पासून तोट्याऐवजी खर्चाचं प्रमाण बघायचं. खेळाडूंचे आणि प्रशिक्षकांचे पगार, एजंटांची दलाली आणि किमतींची वार्षिक वाटणी, हे सगळं मिळून उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसलं पाहिजे. जे युरोपच्या स्पर्धांत खेळतात त्यांना तिकडची मर्यादा ७० टक्क्यांची. तीन वर्षांनी मागे वळून वह्या उघडण्यापेक्षा चालू हंगामातच लक्ष ठेवता येईल, हा यातला मोठा फायदा. हॉटेलं विकून आकडे फुगवायची सोयही यात उरत नाही, कारण मोजायचं ते फुटबॉलचं उत्पन्न.

मोठ्यांची मुभा मोठी, हे मात्र तसंच. शंभर कमावणारा पंच्याऐंशी खर्च करेल, वीस कमावणारा सतरा.

आणि सागाचं काय? खेळाडूंच्या विक्रीतला नफा नव्या नियमातही उत्पन्नाच्या बाजूला धरला जातो, फक्त तो काही वर्षांच्या सरासरीने. अकॅडमीतल्या मुलाची वहीतली किंमत शून्य होती ती शून्यच आहे.

भाच्याने तोवर वहीच्या मागच्या पानावर अँडरसनचा हिशेब मांडला होता. साडेतीन कोटी, पाच वर्षं, वर्षाला सत्तर लाख. दोन वर्षांनी वहीत उरतात २ कोटी १० लाख. मधल्या काळात तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळायला लागलाय, म्हणजे बाजारात भाव वाढतोय आणि वहीत दर वर्षी उतरतोय. "म्हणजे फॉरेस्टने उद्या विकला तरी नफाच," तो म्हणाला, मग पेन्सिल चावत विचारलं, "पण विकायचा असेल तर ३० जूनच्या आधी ना, मामा?"